फॉल सेमिस्टर

अमेरिकेहून आलेलं पत्र सहा पानांचं होतं आणि पहिल्याच ओळीत घोळ झाला.

पत्र कविताला आलं होतं. शहरातल्या प्लेगनंतरचं तिसरं वर्ष. कविता कापडाच्या इंजिनिअरिंगला होती, आणि तिच्या कॉलेजचं अमेरिकेतल्या एका विद्यापीठाशी काहीतरी ठरलं होतं, की एका मुलीला एका सत्रासाठी फुकट बोलवायचं. ती मुलगी कविता निघाली. गुजरातेतल्या डिंडोलीच्या त्या मराठी गल्लीतून यापूर्वी कुणी नंदुरबारपलीकडे गेलं असेल तर ते लग्नाच्या वऱ्हाडात. त्यामुळे पत्र वाचायला गल्लीतले सगळ्यांत शिकलेले गृहस्थ, म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेचे सुकदेव सर, शब्दकोश काखेत मारून आले. कविताला परीक्षेपुरतं इंग्रजी येत होतं, पण हे इंग्रजी भलतंच लाडात आलेलं होतं. वाक्यावाक्याला 'फॉल'. वेलकम टू फॉल सेमिस्टर, अमुक फॉल, तमुक फॉल.

सरांनी शब्दकोश उघडला आणि त्यांचाच चेहरा पडला.

"फॉल म्हणजे पडणे. पतन. अधोगती." त्यांनी बोट खाली नेलं. "धबधबा असंही दिलंय. पण मला खात्री नाही."

"पोरले पाडाकरता बलाई राहिनात का?" कविताचा बाप उखा ओरडला. वीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यामुळे त्याला कमी ऐकू यायचं आणि तो 'मीठ दे' हेसुद्धा भांडल्यासारखं म्हणायचा.

कोपऱ्यात त्याची बायको सुंदरा मांडीवर साडी घेऊन बसली होती. तिने सुई तोंडातून काढली.

"काय येड्यासारखं करतंस? कापडनं कालेज शे ना ते? मंग फॉल म्हंजे फॉल!" आणि तिने मांडीवरची सुती पट्टी सगळ्यांना उचलून दाखवली.

सगळे त्या पट्टीकडे बघत राहिले. सुंदराचा धंदाच हा होता. रिंग रोडच्या मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे यायचे, ती त्यांच्या खालच्या काठाला आतून फॉलची पट्टी शिवायची, म्हणजे निऱ्या सरळ पडतात आणि काठ झिजत नाही. सोळा वर्षं ती हेच करत होती. चांगला फॉल तो, जो लावलाय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणजे काम जितकं चोख तितकं ते अदृश्य. याचा तिला अधूनमधून राग यायचा, पण राग धरून बसायला गठ्ठे तिला सवड देत नव्हते.

सरांनी पत्र पुन्हा सुरुवातीपासून वाचायला घेतलं, आणि आता काय आश्चर्य, एकेक ओळ किल्लीसारखी बसत गेली. 'फॉलमध्ये कपडे थराथरांनी घाला.' म्हणजे एकावर एक फॉल. 'लेट फॉलबद्दल सावध राहा.' सुंदरा म्हणाली, वेळेवर दिला नाही तो लेट फॉल, व्यापारी सगळीकडचे सारखेच. 'पहिल्या आठवड्यात फॉल रिसेप्शन आहे, चांगला पोशाख आणा.' यावर शेजारची भागीरथी मावशी, जी अमरावतीकडची होती आणि न बोलावता आली होती, कपाळाला हात लावून म्हणाली, "माह्या लगनात रिसेप्शन नव्हतं बाप्पा, अन् इथं फॉलचं रिसेप्शन!"

मग सरांनी पाचवं पान वाचलं. "आमच्या गावचे फॉल कलर्स फार प्रसिद्ध आहेत. लाल, नारिंगी, पिवळे. ते पाहायला लोक शेकडो मैलांवरून गाड्या घेऊन येतात."

सुंदराची सुई थांबली.

"फॉलना रंग दखाले येतस?"

"असं लिहिलंय."

"गाड्या लई?"

"शेकडो मैलांवरून."

सुंदरा उठली आणि मोरीपाशी जाऊन पाण्याचा नळ सोडून उभी राहिली. तिला रडू आलं होतं. पत्र यायच्या आधीपासून तिला एकच घोर होता. पोरगी एवढ्या लांब जाणार, तिथे चारचौघींत उठून दिसली पाहिजे, आणि तिला द्यायला आपल्याजवळ काय आहे? ना इंग्रजी, ना पैसा, ना कसली ओळख. आणि आता साक्षात अमेरिका सहा पानं खर्चून म्हणत होती, की तुझ्या हातात जे आहे ना, नेमकं तेच पाठव.

दुसऱ्या दिवसापासून घरात फॉलने थैमान घातलं.

कविताला थोडी शंका येत होती. तिने एकदा "माय, कदाच तठे दुसरा अर्थ व्हई" असं म्हणून पाहिलं. पण आईच्या तोंडाकडे बघून ती गप्प बसली. तिला स्वतःला स्टायलिश दिसायचं होतं, म्हणजे जीन्स हवी होती. चौटा बाजारात जाऊन मायलेकींनी जीन्स आणली. संध्याकाळपर्यंत जीन्सच्या दोन्ही पायांना आतून नारिंगी फॉल लागला होता. मग स्वेटरला लागला. मग गाऊनला, रेनकोटला, टॉवेलला. मॅचिंगचा धर्म सोळा वर्षं पाळलेल्या सुंदराने तो एका दिवसात सोडला, कारण पत्रात रंग स्पष्ट लिहिले होते. मोरपंखी साडीला तिने खाली लाल, त्यावर नारिंगी, त्यावर पिवळा असे तीन थर चढवले. ही साडी नेसूनच कविता विमानात बसणार होती. आधी पट्ट्या भिजवून, आटवून, वाळवून, इस्त्री करून घेतल्या, कारण अमेरिकेत धुतल्यावर फॉल आटला तर नाव डिंडोलीचं जाणार. कामाला गल्लीतल्या सात बायका बसल्या. भागीरथी मावशीने छत्रीलाही फॉल लावला. तो कशासाठी हे तिला विचारल्यावर म्हणाली, लागलाच तर असावा.

तीन थरांमुळे मोरपंखी साडी इतकी ताठ झाली की निऱ्या घालून कोपऱ्यात ठेवली तरी उभी राहायची. उखा लूमवरची पाळी करून घरी आला, चपला काढल्या आणि साडीला म्हणाला, "कविता, पानी आन." साडी हलली नाही. मग तो पोरगी अमेरिकेला जायच्या आधीच शेफारली म्हणून अर्धा तास साडीला बोलत होता. साडीने ऐकून घेतलं.

गल्लीत चाचणी झाली. कविता साडी नेसून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. चालताना काठाचा टप् टप् आवाज येत होता. कुत्री बाजूला झाली. सुंदरा ओट्यावर उभी राहून बघत होती आणि तिच्या मनात येत होतं, की या अशाच चालीवर तिथे गाड्या थांबतील, लोक काचा खाली करतील.

जुलैत कविता व्हिसासाठी बापाबरोबर मुंबईला जाऊन आली. परत आली ती जरा गुमसुम.

"साहेबनी इचारं का फॉलनं?" सुंदराने पहिला प्रश्न हाच केला.

"इचारं."

"मंग तू काय सांगं?"

"सांगं, मनी माय लावस."

"मंग?"

"भलता हासना," कविता म्हणाली. "अन् शिक्का मारी दिधा."

निघायला चार दिवस उरले असताना सुकदेव सर दुपारी आले. कविता कॉलेजात गेली होती. सर आत येईनात. उंबऱ्यातच उभे राहून त्यांनी मोठ्या ग्रंथालयातला जाडजूड शब्दकोश उघडला. आवाज वर्गात गणित चुकलेल्या पोरासारखा झाला होता.

"वहिनी, माझ्या कोशात बाराच अर्थ होते. यात सव्वीस आहेत. सव्विसावा असा आहे, की अमेरिकेत फॉल म्हणजे पानगळ. झाडांची पानं पडायचा मोसम."

"अन् रंग?"

"पानांचे."

"लोके पानं दखाले येतस?"

"हो."

"पडेल पानं?"

"पडायच्या आधीची, मला वाटतं," सर म्हणाले, आणि कोश काखेत मारून निघून गेले.

सर गेल्यावर सुंदराने दार लोटलं. तिला लाज वाटली, इतकी की घरात एकटी असूनही तिने पदर तोंडावर ओढला. झाडांची पानं. दारातल्या निंबाची पानं ती रोज झाडून टाकत होती, ती पानं पाहायला कुणी गाडी घेऊन आलं नव्हतं. मग तिला दिसलं, की कविता त्या रिसेप्शनला गेलीय, तिचा काठ टप् टप् वाजतोय आणि गोऱ्या बायका तोंडावर हात धरून हसताहेत. तिने कात्री काढली.

दोन दुपारी ती उसवत बसली. शिवणारीला उसवणं जिवावर येतं. भागीरथी मावशी मदतीला बसली, फक्त छत्रीचा फॉल तेवढा राहू दे म्हणाली. बॅग एकदम हलकी झाली. उसवलेल्या पट्ट्यांचं गाठोडं सुंदराने माळ्यावर टाकलं. कविताला काही सांगितलं नाही. पोरीने जाताना कशाला मन खट्टू करायचं? नेसायच्या साडीचं विचारलं तर फार ताठ होत होती म्हणायचं, बाकीचं ती अमेरिकेत बॅग उघडेल तेव्हा बघेल.

निघायचा दिवस आला. दुपारच्या गाडीने उखा तिला मुंबईपर्यंत सोडायला जाणार होता, सुंदरा फलाटावरूनच परतणार होती. कविता मोरपंखी साडी नेसून आली होती. गाडी लागली, बॅगा चढल्या, सुंदरा पोरीला जागेवर बसवायला म्हणून डब्यात शिरली आणि सवयीने तिच्या निऱ्या सारख्या करायला वाकली.

काठाखाली लाल होतं. त्यावर नारिंगी. त्यावर पिवळं.

आणि टाके! हातभर लांब, वाकडे, काळ्या जाड दोऱ्याचे, पोतं शिवावं तसे. मोरपंखी काठावर बाहेरून ठसठशीत दिसत होते.

"हाऊ फॉल कोनी लावा?"

"मी. माळावरनं गाठोडं काढं रातले," कविता म्हणाली.

या मुलीने जन्मात सुई धरली नव्हती. सुंदराचे डोळे भरून आले, पण हातांनी त्याची वाट पाहिली नाही. सोळा वर्षांच्या हातांना असले टाके बघवेनात. चपला काढून ती डब्यात खालीच बसली, कंबरेची पिशवी सोडली, कात्री काढली आणि कराकरा उसवायला लागली.

"माय, गाडी सुटस!"

"सुटू दे. हाई धरीसन तू अमेरिकाले जाशी?"

गाडी सुटली. तिने पोरीला बाकाच्या दांडीला धरून उभं केलं आणि तिच्या तोंडात दोऱ्याचा तुकडा दिला. अंगावरचा कपडा शिवताना तोंडात दोरा धरायचा आणि बोलायचं नाही, हा सुंदराच्या आईचा नियम होता. समोरच्या बाकावरच्या गुजराती बाईंनी काही न विचारता निऱ्या वर धरल्या. एका शेठजींनी पाय बाकावर घेतले. उधना स्टेशन गेलं, सचिन स्टेशन गेलं, सुंदराची सुई गाडीच्या तालावर चालली होती.

नवसारीनंतर तिकीट तपासणीस आला. "ये बहन कौन है? टिकट?"

उखाला अर्धंच ऐकू आलं. "फॉल लगाने को आयी है!" तो डबाभर ओरडला.

तपासणीसाने नोकरीत पुष्कळ सबबी ऐकल्या असतील. तो जरा वेळ खाली पसरलेल्या तीन रंगांकडे बघत उभा राहिला, मग पाय उचलून साडी ओलांडत म्हणाला, "वलसाड में उतर जाना."

दुसरा थर संपला तेव्हा सुंदरा मान वर न करता बोलली.

"माले माहीत शे. पानं पडतस, त्याले फॉल म्हनतस. सरनी सांगं."

कविताने मान हलवली.

"तुले बी माहीत व्हतं. मुंबईमाच समजनं ना?"

पुन्हा मान हलली.

"मंग हाऊ काबर लावा, पोरी?"

कविताच्या तोंडात दोरा होता. ती काहीतरी सांगायला गेली.

"बोलू नको. दोरा पडी."

पिवळ्या पट्टीचा शेवटचा टाका घालून सुंदराने गाठ मारली आणि दोरा दाताने तोडला. काठ आता सरळ होता. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. कविताने तोंडातला दोरा काढला.

"माय, त्या रिसेप्शनले मी साडी उलटी नेससू, फॉल बाहेर."

"येडी व्हयनी का? लोके हासतीन."

"हासू दे. कोनी लावा, हाई तं इचारतीन ना."

सुंदराने सुई पिशवीत घालायची म्हणून हात खाली नेला, पण पिशवीचं तोंड तिला सापडेना. सोळा वर्षांत कुठल्याच साडीवाल्याने, दुकानदाराने, नेसणारीने तिला विचारलं नव्हतं. ती खालीच बसून रडली, सरळ मोठ्याने, आणि निऱ्या धरलेल्या गुजराती बाईही काही न समजता तिच्याबरोबर रडल्या.

वलसाड आलं. सुंदरा उतरली, अनवाणीच. चपला बाकाखालीच राहिल्या होत्या, तिकीट मुळात नव्हतंच. गाडी हलली तशी ती कविताच्या खिडकीशी हात धरून चालायला लागली.

"उलटी नेसशी तं निऱ्या दुसरीकडं खोच!" ती गाडीच्या आवाजावर ओरडत होती. "अन् उंच टाचना चपला घाल, नाहीतर खालना लाल दिसाव नही!"