राजूरचा सूर्यास्त

गहिनीनाथ बेलिफाला कोर्टात सगळे 'चौकशीराव' म्हणत. जप्तीला गेलेल्या घरी हा माणूस आधी विहिरीला पाणी किती, जात्याचा दगड कुठला, हे विचारून घेई. पण कायद्याबाहेर पाऊल म्हणाल तर एकसुद्धा नाही. ज्याच्या हत्यारावर पोट चालतं त्याचं हत्यार उचलायचं नाही, चुलीवरचं भांडं ओढायचं नाही, आणि सूर्य बुडाल्यावर कुणाच्या घरात शिरायचं नाही. एवढं पाळून जे मिळेल ते धनकोचं.

एकाहत्तर सालच्या वैशाखात तो राजूरला निघाला, तो संगमनेरच्या आबासाहेब कापडवाल्यांबरोबर. राजूरच्या रंगनाथनं त्यांच्याकडून उधारीवर कापड उचललं होतं आणि डोंगरातल्या वाड्यांवर उधारीवरच विकलं होतं. वरची उधारी बुडाली आणि खालची कोर्टात गेली. आबासाहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं. कोर्टानंही त्यांचंच खरं धरलं होतं.

वाटेत एस. टी. बंद पडली. मग मच्छिंद्रची बैलगाडी धरली आणि हेलकावे खात दोघं रंगनाथच्या दारात पोचले. दारात मांडव! उद्या पोरीचं लग्न. रंगनाथ पाहुणे आणायला गेलेला, आणि त्याची बायको मुक्ताबाई उंबऱ्यात उभी. तिच्या मागे, आतल्या खोलीत, रुखवताची नवी पितळेची भांडी लखलखत होती. हंडे, घागरी, परात, समई.

"माझ्याच पैशाची भांडी," आबासाहेब म्हणाले. "उचला."

मुक्ताबाईनं मागं वळून भांड्यांकडे पाहिलं. भांड्यांशिवाय पोर सासरी गेली, तर जन्मभर तिला काय ऐकावं लागेल ते आईला पुरतं ठाऊक होतं. तिनं भांडण केलं नाही. नुसतं म्हणाली, "दादा, दिस बुडाला की."

गहिनीनाथनं वर पाहिलं. खरंच, सूर्य डोंगराआड गेला होता. अंगणात सावली पसरली होती.

आबासाहेबांनी मनगट पुढं केलं. "सहाला पाच कमी! पंचांगात सूर्यास्त सातच्या सुमाराला आहे. डोंगर आडवा आला म्हणून काय सूर्य बुडतो?"

गहिनीनाथला गंमत वाटली. इतकी वर्षं नोकरी झाली, पण हा प्रश्न कधी पडला नव्हता. कायदा सूर्यास्त म्हणतो, पण कुणाचा? त्यानं मच्छिंद्रला विचारलं, "तुमच्यात दिवस बुडाला असं कधी म्हणतात हो?"

"त्यो डोंगराआड गेला की," मच्छिंद्र बैलांना पाणी दाखवत म्हणाला. "वरच्या वाडीला अजून ऊन आसंल. त्यांचा दिस लई मोठा."

म्हणजे एका गावात दोन सूर्यास्त! गहिनीनाथ मनातल्या मनात हे घोळवत असतानाच मुक्ताबाईनं लगबगीनं तुळशीपुढं दिवा लावला आणि पुन्हा उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"भर दुपारी दिवा लावला म्हणून रात्र होत नाही," आबासाहेब फिस्कारले.

हेही खरंच होतं. गहिनीनाथला पटलं, आणि पटलेलं टाळणं त्याला जमत नसे. पंचांग सगळ्यांना सारखं, डोंगर ज्याचा त्याला. "ताई, बाजूला व्हा," तो जड आवाजात म्हणाला. मुक्ताबाई सरकली. त्यानं वहाणा काढल्या. त्याला आपल्या नोकरीची लाज वाटली.

तेवढ्यात मच्छिंद्र मागून म्हणाला, "शेट, भाडं द्या. मला जाऊ द्या."

आबासाहेबांचा हात सवयीनं खिशाकडे गेला आणि तुळशीकडे नजर जाताच थबकला. त्यांनी दिव्याला हात जोडले. "दिवा लागला रे बाबा. तिन्हीसांजेची लक्ष्मी मी हातातून सोडत नाही. सकाळी घे."

गहिनीनाथ वळला. "आबासाहेब, तिन्हीसांज झाली म्हणता?"

आबासाहेबांचा हात पुन्हा खिशाकडे गेला आणि अर्ध्यावरून मागं आला. लक्ष्मीला बोललेलं परत कसं घ्यायचं? आणि भाडं काढून दिलं तर लक्ष्मी जाणार!

"धनकोच म्हणतो दिवस बुडाला, तर मी कोण?" असं म्हणून गहिनीनाथनं वहाणा चढवल्या.

रात्र दोघांनी मारुतीच्या देवळात काढली. सकाळी ऊन अंगणात उतरल्यावर पुन्हा दारात आले, तर भांडी मांडवात मांडलेली आणि व्याह्यांसमक्ष हळदकुंकू लावून पोरीच्या नावे केलेली. गहिनीनाथनं मान हलवली. "हुकूमनामा रंगनाथवर आहे, पोरीवर नाही." घरात उरली होती चूल, अंथरुणं आणि नेसूची लुगडी. आबासाहेब चरफडले, पण लग्नाच्या पंगतीला बसले. बुंदी दोनदा मागून घेतली.

वऱ्हाड निघालं तेव्हा सूर्य डोंगराकडे झुकला होता. मग डोंगराआड गेला. बैलगाडी जुंपली, दोघं चढणार, एवढ्यात मुक्ताबाई लगबगीनं घराबाहेर आली. दिवसभर लग्नात मिरवलेले तिच्या हातातले चांदीचे गोठ आता पदरात होते आणि मनगटं मोकळी होती.

"सगळं फिटायचं न्हाई ह्यात. निम्मं फिटंल," ती आबासाहेबांना म्हणाली. "पोरीच्या लग्नात आईचे हात मोकळे दिसाय नकोत म्हनून थांबले हुते." मग गहिनीनाथकडे वळली. "काल तुमी उंबरा वलांडला न्हाई, दादा. म्हनून आज मी वलांडला."

आबासाहेबांची नजर गोठांवर खिळली. गहिनीनाथची नजर मात्र तुळशीकडे गेली. सावली पडून बराच वेळ झाला होता, शेजारच्या अंगणांत दिवे लागले होते, आणि ही तुळस अजून अंधारात होती. त्याच्यानं राहवलं नाही. "ताई, आज दिवा नाही लावला?"

"लावते की," मुक्ताबाई म्हणाली. "आधी ह्ये घ्या. दिवा लागल्यावर मला बी देता यायचं न्हाई."