कादंबरीतली कमला

भुवनेश्वरी मडिवाळर आणि मी धारवाडला हॉस्टेलात एका खोलीत राहायचो. ती कन्नडमध्ये एम.फिल. करत होती, मी इतिहासात. तिचा विषय होता इंदुमती बणकार यांच्या तीन कादंबऱ्या. बाईंचं नाव आता फारसं कोणी घेत नाही. पण एके काळी त्यांची पहिली कादंबरी साप्ताहिकात क्रमशः यायची, तेव्हा लोक अंकासाठी भांडायचे म्हणे.

तिन्ही कादंबऱ्यांत एक बाई घर सोडून जाते. पहिलीतली कमला बसच्या कंडक्टरबरोबर पळून जाते, दुसरीतली शिकायला जाते, तिसरीतली कुणाला न सांगता नुसतीच निघून जाते. भुवनाला त्या कमलेचं वेड लागलं होतं. तिची झपझप चाल, हनुवटीवरचा तीळ, राग आला की पदर दातात धरायची सवय, सगळं ती जेवताना मला ऐकवायची. घरी तिच्या लग्नाची बोलणी चालली होती आणि आईचा फोन आला की ती रडून घ्यायची. त्यामुळेच असेल, तिने प्रबंधात ठोकून दिलं होतं की कमलेसारखी मोकळी बाई कन्नड साहित्यात त्याआधी झालीच नाही. तिचे मार्गदर्शक बेल्लद सर म्हणाले, ठीक आहे, पण लेखिका हयात आहेत, एकदा भेटून ये.

इंदुमतीबाई शिक्षिकेची नोकरी संपवून गदगजवळच्या आपल्या गावी परतल्या होत्या. भुवना आधी फोन करून सकाळच्या बसने गेली. तिथे काय झालं ते तिने मला सांगितलं, पण सलग नाही. आठवेल तसं, कपडे धुताना, कधी अंथरुणात पडल्यावर.

दार एका साठीच्या बाईंनी उघडलं. त्यांच्या हनुवटीवर तीळ होता. भुवना उंबऱ्यातच थांबली.

"बघतेस काय? ओळखलंस ना? ये आत," त्या म्हणाल्या.

त्या कमलव्वा, इंदुमतीबाईंच्या धाकट्या बहीण. थोरली डोळे दाखवायला गदगला गेली आहे, दुपारपर्यंत येईल, असं सांगून त्या भाकरी थापायला बसल्या. भुवना चुलीशेजारी बसली. एवढ्या दिवसांची ओळख असलेलं माणूस समोर भेटावं तसं तिला झालं होतं. त्या भरात तिने विचारलं, "मग तुम्ही परत कधी आलात?"

कमलव्वांचा हात थांबला. "कुठून परत?"

मग त्यांनीच सांगितलं. हुबळीच्या एका मास्तराशी त्यांचं लग्न ठरलं होतं. साखरपुडा झाला होता. मुलाच्या घरी ते साप्ताहिक यायचं. आधीच्या अंकांत तीळ आला, चाल आली, नाव तर होतंच. पुढच्या एका अंकात कंडक्टर आला. मुलाचे काका ते अंक काखेत घेऊन आले, चहाही न घेता अंगठी ठेवून गेले. गावात तर दुसरी चर्चाच उरली नाही. गदगच्या बसला जो कंडक्टर असायचा, त्या बिचाऱ्यानेही बदली मागून घेतली.

"मी तोवर देवळाच्या पलीकडे एकटी गेले नव्हते गं," कमलव्वा म्हणाल्या. "वडील इंदूशी बोलेनात. मग तिला बक्षीस मिळालं, तेव्हा बोलायला लागले. मला मागणी घालायला परत कुणी आलं नाही."

"त्यांना तुम्ही काही बोलला नाहीत?"

"ती म्हणायची, ती तू नाहीस, ती कल्पना आहे. तीळसुद्धा कल्पना का? मग मी बोलणंच सोडलं. तिला लागलं असणार मनाला. दुसऱ्या पुस्तकात मला शिकायला धाडलं, तिसऱ्यात तर सोबतही कोणी नाही. तीनदा पाठवणी केली माझी. मी आपली इथेच."

मग त्यांनी विचारलं, तू काय लिहिलंयस माझ्यावर? भुवनाला सांगावं लागलं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "मोकळी? बरं. माझ्यावर लिहिणारी या घरात एक होती, आता दोन झाल्या."

हे तुम्ही सांगितलेलं लिहू का, असं भुवनाने विचारलं तेव्हा त्या सरळ नाही म्हणाल्या. मी एकदा छापून आले तेवढं पुरे, म्हणाल्या.

इंदुमतीबाई आल्यावर जेवणं झाली. वांग्याची भाजी होती, शेंगाचटणी होती. बाई चांगलं बोलल्या, स्त्रीबद्दल, समाजाबद्दल. भुवनाने आणलेले प्रश्न पिशवीतून काढलेच नाहीत. एवढंच विचारलं की कमला सुचली कुठून. बाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत भांडी घासण्याचा आवाज थांबला होता.

"कुठूनच नाही. पात्रं अशीच येतात," त्या म्हणाल्या. घासण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

परत आल्यावर भुवनाने एक चूक केली, बेल्लद सरांना सगळं सांगून टाकलं. सर खुर्चीतून उठलेच. हेच तर संशोधन, म्हणाले. कमलव्वा नको म्हणाल्यात असं तिने सांगितलं, तर हसले. "बाई नको म्हणाल्या. कादंबरी नको म्हणाली का?"

चार दिवस तिचं जेवणाकडे लक्ष नव्हतं. कादंबरी वाचायला घेतली की तो तीळ डोळ्यांपुढे येतो, म्हणायची. मी तिला म्हटलं, लिहून टाक, कोण वाचतंय प्रबंध? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी आपली वही उघडली. अखेर कमलेचं प्रकरण तिने काढून टाकलं आणि नवं लिहिलं. त्यात एवढंच होतं, की तिन्ही कादंबऱ्या बाई निघाली की संपतात. ती पोहोचली कुठे, जेवली काय, मागच्यांचं काय झालं, हे लेखिका कधी बघत नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं विचारलं, कमलेमागे कोणी खरी बाई होती का? बेल्लद सर भुवनाकडे बघत राहिले.

"त्याबद्दल मी काही लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

लेखिकेच्या आयुष्याचा अभ्यास कमी पडला, असा शेरा मिळाला. ती पास झाली, पण पीएच.डी.साठी सरांनी तिला घेतलं नाही. तिने कोप्पळला एका कॉलेजात नोकरी धरली. तिथून घरी फोन करून लग्नाला नाही म्हणाली. त्यावर दोन वर्षं वडील तिच्याशी बोलले नाहीत.

हॉस्टेल सोडताना सामान बांधत होतो त्या दिवशी तिला इंदुमतीबाईंचा फोन आला. हात सामानात होते म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला, मी शेजारीच होते. प्रबंधाची प्रत मिळाली, वाचली, असं त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "मी गदगला होते तेव्हा कमल तुला काय म्हणाली?"

भुवना फोन उचलून खिडकीशी जाऊन उभी राहिली. "त्यांनाच विचारा ना, मॅडम. एकाच घरात राहता."

मग बाई म्हणाल्या, "ती बोलत नाही गं माझ्याशी. जेवायला वाढते, औषध देते, पण त्यावर बोलत नाही. मीही कधी विचारलं नाही."

"मग आता विचारा," भुवना म्हणाली.

बघते, म्हणाल्या बाई, आणि फोन ठेवला. त्यांनी विचारलं की नाही, आम्हाला कळलं नाही. पुढच्या वर्षी इंदुमतीबाई वारल्या. कमलव्वा अजून त्याच घरात असतात.