साहेब आणि सोबत, एकाच घरचे

महाराष्ट्र दिनाला आमच्या सोसायटीत लहान मुलांची शुद्ध मराठी भाषणस्पर्धा ठरली. अरबी-फारसी शब्द आला की घंटी, एक गुण कमी. इंग्रजी शब्द चालणार होते. इंग्रजी शाळेची फी भरतो ना आपण! परके शब्द पकडायला सेक्रेटरी प्रल्हादसाहेबांनी तळमजल्यावरच्या सॅन्टनना नेमलं. ते आखाती युद्ध होईपर्यंत कुवेतला नोकरीला होते, म्हणून अरबी येणारे.

माझी आर्या चार वर्षांची, फार उशिरा बोलायला लागलेली. "बोलेल, फक्त टोकू नका," डॉक्टर म्हणाले होते. चारचौघांत दोन वाक्यं बोलली की माझा घोर मिटेल, म्हणून तिचं नाव दिलं. वाक्यं तिचीच: "आमच्या बोक्याचं नाव साहेब. साहेब माझ्या सोबत झोपतात."

सॅन्टननी ऐकून कपाळाला हात लावला.

"वहिनी, दोन्ही अरबी! स, ह, ब. अरबीत तीन अक्षरांचं मूळ असतं, त्यातून सगळं गोत निघतं. साहिब म्हणजे सोबती, पुढं मालक झाला. सोहबत म्हणजे संगत, तीच तुमची सोबत. आणि मुसाहिब म्हणजे राजाच्या मागंमागं करणारा."

"आपल्या कमिटीत आहेत तसे?"

"हळू बोला! वर ऐकू जातं."

"अहो, पण सोबत माझी पणजीसुद्धा म्हणायची."

"म्हणू दे. घंटी माझ्याकडे आहे."

मग मी आर्याकडून 'स्वामी' आणि 'सहचर' घोकून घेतलं. ती 'सहचल' म्हणायची, मी टोकायची. स्पर्धेपर्यंत ती बोक्याशीही बोलेनाशी झाली.

स्टेजवर तिनं ओठ हलवले, घंटीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. वेळ संपली. बाकीच्या मुलांना घंट्याच घंट्या, हिला एकही नाही. पहिला नंबर!

"एकही डाग नसलेली मराठी!" माइकवर प्रल्हादसाहेबांना गहिवरून आलं.

टाळ्या पडत होत्या. मी वर चढले, आर्याच्या हातातला कप त्यांना परत दिला आणि तिच्यासमोर उकिडवी बसले.

"बाळा, बोका कोणासोबत झोपतो?"

टण्ण!

आर्यानं वळून घंटीकडे पाहिलं.

"माझ्या सोबत."

टण्ण!

ती खुदकन हसली. "साहेब माझ्या सोबत झोपतात. साहेबांना माशी चावली."

टण्ण, टण्ण, टण्ण!

"वहिनी, हिला खाली न्या!" प्रल्हादसाहेब ओरडले.

"थांबा, साहेब. बोलतेय ती."

टण्ण!

ही घंटी माझ्या 'साहेब'ला होती. आर्या पुढचं वाक्य जुळवत होती.