बोर्डावरची धोंडुबाई

रोह्याच्या स्टँडवर गाडी थांबली तशी धोंडुबाईनं सुकटीची पाटी आधी खाली सरकवली, मग स्वतः उतरली, आणि पाटी उचलायला वाकली ती तशीच राहिली. समोरच्या भिंतीवर ती स्वतःच होती. माणसाच्या दुप्पट उंचीची. पिवळी साडी, नाकात नथ, केसांत अबोलीचा गजरा आणि तोंडभर हसू.

"अगो बाय माझे!" ती म्हणाली.

खोटं कशाला सांगा, तिला पहिल्यांदा आनंदच झाला. सहासष्ट वर्षांत तिचा इतका चांगला फोटो कुणी काढला नव्हता. आधार कार्डावर तर ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसते. वाचता येत नव्हतं, म्हणून चहाला निघालेल्या रघू कंडक्टरला तिनं हाक मारली.

"रघू, वाच रं काय लिवलंय. मना कसलं बक्षीस लागलं काय बघ."

रघूनं मोठ्यानं वाचलं. "तिकिटावरचा कर तिप्पट! पाटी घेऊन बाजार गाठणं आता परवडत नाही. खाली तुझं नाव हाय. धोंडुबाई, मासळी विक्रेत्या." मग तो हसायला लागला. "काय गो मावशी, आत्ता तर तुला तिकीट दिलं. कालच्याएवढंच. तिप्पट कधी झालं?"

"मी नाय बोलले असं."

"मग कोण बोललं? फोटो तर तुझाच हाय."

रघू गमतीनंच बोलला, पण तिला ते लागलं. गाडीत मुंगी शिरायला जागा नसली तरी मागून "माझं तिकीट राहिलंय रं!" म्हणून ओरडणारी ही बाई. पेण-रोहा गाडीवरच्या एकाही कंडक्टरनं तिला कधी तिकीट दाखवायला सांगितलेलं नाही.

बाजारात तर आणखी वाईट झालं. सुकी मासळी नुसती बघून यंदाची की गेल्या सालची ते सगळ्यांना कळत नाही. गिऱ्हाईक विकणारणीच्या शब्दावर घेतं. अष्टमीहून पूल ओलांडून येणाऱ्या मालतीबाई, निवृत्त शिक्षिका, वीस वर्षं तिच्याकडूनच बोंबील घेत होत्या. त्या म्हणाल्या,

"धोंडुबाई, बोर्ड वाचला हो तुमचा. पण भाडं कुठे वाढलंय? आमची नात ईरा रोज त्याच गाडीनं जाते."

धोंडुबाई काही बोलणार, तोच मालतीबाईंनी एक बोंबील उचलला, उलटापालटा केला आणि नाकाजवळ नेला.

"हे यंदाचेच ना?"

वीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला होता. त्या दिवशी तिनं अर्धी पाटी तशीच परत आणली.

संध्याकाळी नातू निकेश धाटावच्या कंपनीतून आला तो शीळ वाजवतच. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत तो एका पॅनेलचं काम करत होता, आणि या वेळी जाहिरातीचं सगळं त्याच्याकडे सोपवलं होतं.

"आजी, बघितलास बोर्ड? पेणपासून रोह्यापर्यंत दहा ठिकाणी लावलाय. पॅनेलच्या साहेबांनी पाठ थोपटली माझी."

"मना न इचारता?"

"त्यात काय विचारायचं? घरचीच तर आहेस."

फोटो मिळाला कसा, तेही त्यानं सांगितलं. त्यांच्या गावात बॅनर लागल्याशिवाय हळद लागली असं कुणी मानत नाही. आजी, आत्या, मामा, झालंच तर वारलेल्या आजोबांसकट सगळ्यांचे फोटो त्यावर हवेतच. त्यामुळे पेणला फ्लेक्स छापणाऱ्या नमिताच्या कॉम्प्युटरात निम्मा तालुका नटूनथटून बसलेला. निकेशनं तिला फोनवर सांगितलं, कष्टाळू दिसणारी बाई पाहिजे. तिनं निकेशच्याच बहिणीच्या हळदीतली आजी काढून दिली. म्हणून तर परवडत नाही असं सांगणारी बाई नथ घालून खुशीत हसत होती. एवढी मोठी चूक, पण निकेशच्या डोळ्यांना ती दिसलीच नाही. आजीला त्यानं आयुष्यभर बॅनरवर तशीच तर बघितली होती.

"आणि कर तिप्पट झालाय, हे तुला कुणी सांगितलं?"

"जाहिरात हाय ती, आजी. थोडं वाढवून सांगावं लागतं." मग त्याचा आवाज खाली आला. "पण समोरच्या पॅनेलच्या आदेशनं तक्रार केलीय. उद्या पेणला निवडणूक कार्यालयात तुला बोलावलंय. तू फक्त व्हय बोल. नाय बोललीस तर माझं काम गेलं समज. तोंड दाखवायला जागा राहणार नाय."

धोंडुबाईनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. लहानपणापासून या पोराला तिनंच वाढवलं होतं. त्याचं तोंड उतरलेलं तिला बघवत नसे, आणि ते त्यालाही चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात अधिकारी बाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. एका बाजूला निकेश, दुसऱ्या बाजूला इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला आदेश. टेबलावर दोन्ही पॅनेलच्या बोर्डांचे फोटो ठेवलेले.

"आजी, हा फोटो तुमचाच?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"माझाच. मीच दिलेला. नातीच्या हळदीला."

"आणि हे वाक्य? हे तुम्ही बोललात?"

निकेशनं घसा खाकरला. धोंडुबाईनं त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर जीभ वळली नसती.

"नाय. ते माझं बोलणं नाय."

आदेशचा चेहरा असा फुलला की आता पेढेच वाटतो. "मॅडम, लिहून घ्या! लोकांची सरळसरळ दिशाभूल चालवलीय यांनी."

"थांब जरा," धोंडुबाई म्हणाली. "माझं व्हायचंय." तिनं कमरेचा बटवा सोडून तिकिटांची चळत टेबलावर ठेवली. "तुमचा पण बोर्ड हाय पुलाजवळ. रघूकडून वाचून घेतला मी. तिकिटावरचा कर आम्ही रद्द केला, असं लिवलंय. मॅडम, ही माझी तिकिटं. गेल्या सालची पण हायत, यंदाची पण हायत. यातला कर काढला असता तर भाडं कमी झालं असतं ना?"

अधिकारी बाईंनी दोन तिकिटं शेजारी शेजारी धरली. मग आगारात फोन लावला, दोनतीनदा हं हं केलं आणि फोन ठेवला.

"कर भाड्यातच धरलेला असतो. तो वाढलेला नाही, आणि रद्दही झालेला नाही," त्या म्हणाल्या. "दोन्ही बोर्ड आज संध्याकाळपर्यंत उतरवा."

"आमचा कसा काय?" आदेश ताडकन उठला. "तक्रार तर आमची होती!"

"म्हणून तर लवकर निकाल लागला," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढची फाइल ओढली.

बाहेर आल्यावर निकेश चार पावलं पुढे चालत राहिला. थेट स्टँडपर्यंत. बाकड्यावर बसल्यावर तो उसळलाच.

"सगळ्यांसमोर पाडलंस ना मला! आधी मला सांगितलं असतंस तर?"

"तू मना इचारलंस?"

धोंडुबाईनं बटव्यातून सुपारी काढून तोंडात टाकली. काम करायचं ते केलं होतं, आणि नातू रागावला असला तरी शेजारीच बसला होता. उठून गेला नव्हता.

"फोटो मात्र झकास होता रं," ती म्हणाली. "त्याचं तेवढं वाईट वाटतं."

निकेशला हसू आलं. नको असताना आलं. साहेबांचा फोन आला तो त्यानं घेतला, दोन शिव्या ऐकल्या, "नवीन मजकूर पाठवतो" एवढंच म्हणाला आणि फोन खिशात न ठेवता हातातच धरून बसला. एक गाडी आली, माणसं घेऊन गेली.

"आजी."

"काय?"

"फोटो तोच ठेवतो. खाली काय लिहू?" तो तिच्याकडे वळून बसला. "तुला खरंच काय पाहिजे ते सांग."

असं तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनं सुपारी एका गालात सारली, समोरच्या फलाटाकडे बघत विचार केला.

"लिव. सकाळची सहाची गाडी वेळेवर सोडा."

निकेशनं अंगठ्यानं टाइप केलं आणि वाचून दाखवलं. "'सकाळची सहाची गाडी रोज वेळेवर सोडा. धोंडुबाई, मासळी विक्रेत्या.' बरोबर?"

"रोज काढ त्यातनं," धोंडुबाई म्हणाली. "रविवारी मी जात नाय."