संघपालचं दुखणं

वाघाने गुराख्याला मारलं. वनखात्याची गाडी आली ती दुपार उलटल्यावर, आणि चिडलेल्या गावाने तिच्या काचा फोडल्या. पोलिसांनी हाती लागले ते उचलले. तळ्यावर जाळं टाकणारा मनसाराम धिवर आणि मोटारपंप दुरुस्त करणारा संघपाल एकाच बेडीत तुरुंगात पोचले.

संघपालला जन्मापासून सिकलसेल, हा रक्ताचा आजार. वेळेवर गोळ्या, भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, एवढ्यावर तो तगून होता. पहिल्याच तपासणीत त्याने हे सांगितलं. डॉक्टरने मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं. बायको रिना फाटकावर गोळ्या घेऊन आली, तर शिपायाने डबा परत केला. "बाहेरचं औषध चालत नाही. आत मिळतं सगळं."

आत काही मिळालं नाही.

डिसेंबर होता. बराक एवढी भरलेली की कुशीवर झोपावं लागे. नव्यांची जागा संडासाच्या भिंतीला, ओल्या फरशीवर. प्यायचं पाणी सकाळी एकदाच. मनसाराम आपल्यातलं अर्धं संघपालला द्यायचा.

एका सकाळी गिनतीला संघपाल उठला नाही. गुडघे पोटाशी घेऊन तो दातांत गमछा धरून पडला होता. डोळे हळदीसारखे पिवळे.

"साहेब, पोराले सिकलसेल हाय," मनसाराम गजाशी जाऊन म्हणाला. "त्याले दवाखान्यात न्या."

"काल तर चालत होता," शिपाई म्हणाला. "नाटक आहे. दवाखान्यात पंख्याखाली झोपायचंय."

"थंडीत पंखा कोनाले पायजे, साहेब?"

शिपायाने काठी गजावर आपटली. थोड्या वेळाने कंपाउंडर आला, तापाची एक गोळी देऊन गेला. संघपालने ती ओकून टाकली.

"भाऊ," तो म्हणाला, "छातीत दुखून राह्यलं. असं कधी नोतं दुखलं."

मनसारामने थाळी उचलली आणि गजांवर बडवायला लागला. जिवतीकडचा म्हातारा कैदी लटारू उठला, त्याने आपली थाळी घेतली. मग सगळी बराक बडवायला लागली. जेलर धावत आला.

"न्यायला पोलीस गार्ड लागते. गार्ड बंदोबस्तात आहे. मी काय खांद्यावर नेऊ?"

बराक गप्प झाल्यावर मनसारामला बाहेर काढून पट्ट्याने मारलं. परत आला तेव्हा त्याला पाठ टेकवता येईना. त्याने संघपालचं डोकं मांडीवर घेतलं आणि बसून राहिला. गार्ड दुसऱ्या दिवशी दुपारी आली. संघपालला घोंगडीत घालून नेलं, तेव्हाही एका हाताला बेडी लावली. दवाखान्याच्या दारातच तो गेला.

संघपालच्या मृत्यूच्या चौकशीला मॅजिस्ट्रेट येणार होते. आदल्या दिवशी जेलरने मनसारामला बोलावून चहा दिला.

"तुझा जामीन आता होईलच. बायको वाट पाहत असेल. तो अचानक आजारी पडला, आम्ही लगेच नेलं. एवढंच."

मनसारामला गोकुळा आठवली. एकटी तळ्यात उतरत असेल, गार पाण्यात. त्याने चहा संपवला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

मॅजिस्ट्रेटसमोर बहुतेकांनी सांगितलं, आम्हाला माहीत नाही. लटारू म्हणाला, "मले आयकू येत नाई." त्याची नजर पायांवरून हलली नाही. मग मनसारामची पाळी आली. जेलर दाराशी उभा होता.

"साहेब, पोरगा आदल्या दिवशी सकाळपासून तडफडत होता," मनसाराम म्हणाला. "आमी थाळ्या वाजवल्या. दवाखान्यात नेलं असतं तं वाचला असता का नाई, मले ठाऊक नाई. पन कोनी नेलं नाई. मले मारलं." आणि त्याने सदरा वर केला.

मॅजिस्ट्रेटनी लिहून घेतलं. चौकशी अजून चालू आहे.

मनसारामवर मात्र तुरुंगात दंगा केल्याचा नवा गुन्हा लागला. जामीन फेटाळला गेला आणि त्याला दूरच्या तुरुंगात हलवलं. तिथे पहिल्या भेटीला गोकुळा आली, तिच्यासोबत रिना. पांढरी साडी, कडेवर लहान लेक खुशबू.

जाळीपलीकडून रिनाने विचारलं, "भाऊ, तुमाले मारलं म्हनते. आमच्यापायी काऊन बोलले तुमी?"

"तो माह्याच मांडीवर होता, बाई," मनसाराम म्हणाला. "कसा नाई बोलू?"

गोकुळा रडत होती. पण तिने मान हलवली, बरोबर केलं अशी. तेवढ्यात शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं.