भोंगाबाई आणि लाल दोरी

"गळ्यातून नाही बाई, पोटातून. गळा उगाच फाटतो. आणि लाजायचं तर मुळीच नाही. तुम्ही लाजलात की इकडे कुणाचा तरी हात गेला म्हणून समजा."

जुने मुकादम हे बोलले त्याला खूप वर्षं झाली होती. ते कधीच निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले होते. पण त्या दिवशी फिटर इस्त्रीच्या मशीनच्या पट्ट्याच्या कडेच्या लोखंडी खांबांना भोकं पाडू लागला, आणि भोंगाबाईच्या कानांत ते वाक्य जसंच्या तसं उमटलं. फिटर प्रत्येक भोकात एक कडी बसवत होता आणि कडीतून लाल दोरी ओवत होता.

"हे काय चाललंय?" तिने विचारलं. साधंच विचारलं, पण फिटरच्या हातातला स्क्रू खाली पडला.

"धोक्याची दोरी आहे ताई," तो कानात बोट घालून म्हणाला. "मशीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठूनही ओढली की मशीन बंद. पळायला नको, ओरडायला नको."

ओरडायला नको! बाई काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणून आजूबाजूच्या चारजणींनी माना वळवून पाहिलं.

कारखाना कपडे धुण्याचा होता. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी गाड्या भरभरून येत, धुऊन निघत, आणि मग इस्त्रीच्या मोठ्या मशीनवर चढत. एका टोकाला दोघीजणी ओल्या चादरी पट्ट्यावर लावून देत. पट्टा त्या तापलेल्या रोलरांमध्ये नेई आणि पलीकडे चादर पापडासारखी कडक होऊन बाहेर पडे. सगळा घोळ एवढाच होता की मशीन बंद करायचा खटका भिंतीच्या आडोशाला होता. तिथे खटकेमामा स्टुलावर बसत, आणि त्यांना तिथून पट्टा दिसत नसे. म्हणून पट्ट्याच्या मध्यावर एका लाकडी पाटावर एका बाईला उभं केलं होतं. तिने चादरी तपासायच्या, आणि काही अडकलं, कुणाचं बोट फार पुढे गेलं, की ओरडायचं, "थांऽऽबा!" की मामा खटका पाडत.

ती बाई म्हणजे भोंगाबाई. कामाला लागली तेव्हा नवी नवरी होती, तोंडातून 'ओ' निघत नव्हता. जुन्या मुकादमांनी तिला आवारात उभं करून पलीकडच्या कुंपणापर्यंत ओरडायला शिकवलं. पहिल्या दिवशी कुंपणावरची चिमणीसुद्धा हलली नाही. महिन्याभरात चिमण्यांनी ते कुंपणच सोडलं.

आवाज एकदा बाहेर पडला तो परत आत जाईना. घरातलं गुपित शेजाऱ्यांना आधी कळे आणि नवऱ्याला नंतर. सून एकदा म्हणाली, "आई, तुम्ही फोनवर बोलता ना, तेव्हा फोन कशाला धरता? खिडकी उघडली तरी पुरेल." बाई हसली होती. तिचं हसणं ऐकून खालच्या मजल्यावरचं तान्हं बाळ उठलं होतं.

पण इतक्या वर्षांत त्या मशीनवर एकाही बाईचं बोट गेलं नव्हतं. देवाने प्रत्येकाला काहीतरी देऊन पाठवलेलं असतं. कुणाला रूप, कुणाला बुद्धी. आपल्याला हे दिलं, आणि ते कामी आलं, एवढं तिला पुरत होतं. सकाळी पाटावर चढण्याआधी ती वाकून त्याला हात लावून तो कपाळाला नेई.

आणि आता ही दोरी.

दोरी कशी आली हे दुपारच्या चहापर्यंत कळलं. खटकेमामांच्या पोटात काही राहत नसे.

"अगं, तुझ्या त्या बारकीनं मागितली," ते म्हणाले. "मुकादमाला म्हणाली, हिच्या ओरडण्यानं डोकं उठतं, दुसरं काहीतरी करा."

बारकी म्हणजे पट्ट्याच्या तोंडाशी चादरी लावणारी, अंगाने काडीसारखी. दोघी एकाच वर्षी कामाला लागलेल्या. एकीच्या बाळंतपणात दुसरीने डबे पोचवलेले. भोंगाबाईच्या हातातला चहा तसाच निवला.

"डोकं उठतं?" ती म्हणाली. "इतकी वर्षं नाही उठलं ते?"

"मी आपलं कानावर घातलं. माझं नाव सांगू नकोस," असं मामा म्हणाले खरे, पण ते म्हणेपर्यंत आवारातल्या गाडीवाल्यांनाही सगळं कळलं होतं.

त्या दिवसापासून तिने बारकीशी अबोला धरला. तिचा अबोलाही साधा नव्हता. डब्याचं झाकण आपटून बंद व्हायचं, बादली दाणकन खाली यायची. बारकी मात्र खाली मान घालून चादरी लावत राही.

दोरीचे पहिले दिवस तर बघण्यासारखे होते. कुणीतरी तिच्यावर ओला रुमाल वाळत घातला, मशीन बंद. कुणी पाय दुखतो म्हणून तिला धरून उभी राहिली, मशीन बंद. मग नव्या मुकादमांनी सगळ्यांना गोळा केलं आणि एक हात ऐटीत बाजूला टेकून ते सांगू लागले, "ही दोरी म्हणजे खेळणं नाही. विनाकारण कुणीही हिला हात..." आणि मशीन बंद पडलं.

"कोण आहे तो?" मुकादम गरजले. "मी बोलतोय आणि त्याच वेळी? पुढे या!"

कुणी पुढे येईना. शेवटी फिटरने येऊन अदबीने त्यांचं कोपर दोरीवरून उचललं.

फिटरचा नियम कडक होता. दोरी ओढली गेली की मशीन आपोआप चालू होत नसे. त्याने संपूर्ण दोरीच्या कडेने चालत जायचं, कुणी ओढली, का ओढली, सगळ्यांचे हातपाय जागेवर आहेत ना, हे बघायचं आणि मगच खटका वर करायचा. आणि मशीन थांबलं की मुकादम आपल्या खोलीच्या काचेआडून विचारत, "कुणी ओढली?" त्या प्रश्नाची बायकांना अशी धास्ती बसली की खरोखर काही अडकलं तरी त्या दोरीकडे बघत आणि मग पाटाकडे बघत.

भोंगाबाईला तेवढंच हवं होतं. तिने मनाशी ठरवलं, कुणाचा हात दोरीपर्यंत पोचायच्या आत आपला आवाज पोचला पाहिजे. चादरीला घडी पडली, थांबा! धागा लोंबला, थांबा! एकदा तर कुणी नुसती शिंकली. खटकेमामांना बसायला सवड मिळेना. दिवसाकाठी इतक्यांदा खटका पाडून त्यांचा खांदा धरला.

"बाई, दया कर," ते म्हणाले. "दोरी आलीये ना आता?"

"दोरीला डोळे आहेत का?" ती ओरडली. "तिला दिसतं का काही?"

आणि तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती उठली, नवऱ्याला चहासाठी हाक मारायला तोंड उघडलं, आणि आतून सायकलच्या नळीतून निघावी तशी नुसती हवा निघाली. नवरा अंथरुणातच होता. बायकोने हाक मारली नाही म्हणून घाबरून तो ताडकन उठून बसला.

डॉक्टरांनी घशात दिवा घालून पाहिलं. "महिनाभर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. त्यानंतरही आवाज पूर्वीसारखा येईल असं समजू नका."

भूक नसलेल्याला उपासाचं काय! पण जिचं पोट बोलण्यावर भरतं तिच्यासाठी मौन म्हणजे मोठाच कठीण नेम. घरी दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी शेजारीण दार वाजवून विचारू लागली, "काही झालंय का हो घरात? आम्हाला करमत नाहीये."

रजा घेऊन बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती कामावर गेली. पाटाला हात लावून वर चढली. उभी राहिली खरी, पण आपण इथे कशाला उभ्या आहोत, हे तिचं तिलाच कळेना. चादरी तर काय, कुणीही तपासेल. मुकादमांनी एकदा तिच्याकडे आणि एकदा पाटाकडे पाहिलं. तिला ते समजलं.

दुपारी बारकीची जोडीदारीण रिकामा गाडा ढकलत धुण्याच्या खोलीत गेली होती. बारकी एकटीच चादरी लावत होती. तिच्या एप्रनची कमरेची नाडी सुटली होती, लोंबत होती. ती ओल्या चादरीच्या कडेखाली गेली. चादर पुढे सरकली तशी नाडीही सरकली. बारकीला झटका बसला. ती एका हाताने नाडी सोडवायला गेली, तर तो हात चादरीच्या पिळात सापडला. पट्टा तिला तिरकं ओढू लागला, रोलरकडे. दोरी तिच्यापासून हातभर लांब होती.

भोंगाबाईने पोटातून जोर लावला. सगळा देह लावला. "फस्स," एवढाच आवाज झाला.

तिने पुन्हा तोंड उघडलं. वाफेच्या नळीने तिच्यापेक्षा मोठा आवाज केला.

मग ती पाटावरून उडी मारून त्या लाल दोरीवर पडली. पडलीच. फिटर म्हणायचा, बोटाने ओढली तरी चालते. हिने दोन्ही हातांनी धरून तिच्यावर सगळं वजन टाकलं. दोन कड्या खांबातून उपटून आल्या. मशीन जागच्या जागी थांबलं, आणि तरी ती दोरी धरून लोंबकळतच होती.

इतकी शांतता त्या खोलीत कधीच नव्हती.

"कुणी ओढली?" काचेआडून नेहमीचा प्रश्न आला.

भोंगाबाईने हात वर केला. फिटर धावत आला, नियमाप्रमाणे आधी माणसाजवळ गेला. त्याने कात्रीने नाडी कापली. बारकीच्या मनगटावर चटका बसला होता आणि दंडाला खरचटलं होतं. बाकी सगळं जागेवर होतं. मुकादम काचेआडून बाहेर आले, त्यांनी बारकीचा हात पाहिला आणि त्या दिवशी पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

मलमपट्टी करून दोघींना आवारात पालथ्या टोपल्यांवर बसवलं. एकीला बोलता येत नव्हतं, हे तर सगळ्यांना माहीत होतं.

"आधी ओरडायला गेलीस का गं?" बारकीने विचारलं.

भोंगाबाईने गळ्याकडे बोट दाखवून मान हलवली.

"ओरडली असतीस तरी काय," बारकी म्हणाली. "मामांना ऐकू गेलं असतं, मला नाही."

भोंगाबाईने भुवया वर केल्या.

"दोन वर्षं झाली. आधी डावा गेला, आता उजवाही चाललाय. तू थांबा म्हणतेस ते मला पट्टा थांबला की कळतं. तोंडाकडे बघून बाकीचं चालवून नेते मी." तिने पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवला. "मुकादमाला सांगितलं तर घरी बसवतील. न ऐकताही ओढता येईल अशी दोरी हाताशी हवी होती, म्हणून म्हटलं, डोकं उठतं. तुझ्या नावानं खोटं बोलले. माझ्याच नावानं बोलायला हवं होतं."

भोंगाबाईला राग आला. भयंकर आला. अबोल्यात साठलेलं सगळं बोलणं उसळून वर आलं. तिने हातवारे सुरू केले. एक बोट कपाळाला, एक बारकीच्या छातीवर, मग दोन्ही तळवे आकाशाकडे, मग टोपलीवर एक थाप.

बारकी ते सगळं नीट बघत राहिली. "हे मात्र स्वच्छ ऐकू आलं," ती म्हणाली.

भोंगाबाईला हसू फुटलं. हसण्यालाही आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा ते हसण्याचं की कशाचं, हे तिने शोधलं नाही.

"एक विचारू?" बारकीने इकडेतिकडे पाहिलं. "कानाच्या दवाखान्यात दोनदा जाऊन आले. तिथे आतून नाव पुकारतात. मी बसून राहते आणि माझं नाव कधी गेलं ते मला कळत नाही. संध्याकाळी दार लावायला येतात, तेव्हा उठून येते. घरी सांगायचं नाहीये अजून. तू येशील? तुला बोलायला नाही लागणार. नुसतं ऐकायचं."

भोंगाबाईने तिचा बरा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि दाबला.

संध्याकाळी सगळ्या निघून गेल्यावर तिने तो पाट उचलला. मुकादम म्हणाले, "राहू द्या बाई, उद्या कुणी नेईल." तिने मान हलवली. पाट सामानाच्या खोलीत नेऊन भिंतीला उभा केला आणि त्यावर एक स्वच्छ फडकं टाकलं. दुसऱ्या दिवसापासून ती घड्या घालणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिली, शेवटची.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच ती तयार झाली. देवापुढे दिवा लावला. नवरा वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाला, "आज कुठे?"

तिने गळ्याकडे बोट दाखवलं.

"हो, ते माहितीये. पण निघालीस कुठे?"

तिने पुन्हा गळ्याकडे बोट दाखवलं आणि चपला घातल्या. जन्मात पहिल्यांदा तिच्या पोटात एक गुपित राहिलं होतं, आणि त्याचं तिला फार कौतुक वाटत होतं.

गल्लीच्या टोकाशी बारकी ठरल्याप्रमाणे उभी होती, पण तोंड रस्त्याकडे करून, बसची वाट बघत. जवळून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. ती हलली नाही. एवढ्याशा अंगावर तिने आज ठेवणीतला कोट घातला होता आणि पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

भोंगाबाई थांबली. मागून खांद्यावर हात ठेवला तर ती दचकेल. म्हणून ती रस्त्यावर उतरली, लांबून वळसा घालून पुढे गेली, आणि बारकीला दिसेल अशी समोर जाऊन उभी राहिली.