वाळलेला थर

भाचीने कंपनीच्या रंगाची फळी मामांच्या फळीशेजारी टेबलावर ठेवली आणि दोन्हींवरच्या मेलेल्या मुंग्या चिमट्याने उचलल्या. आता त्या दोन फळ्यांत फरक सांगायचा म्हणजे कठीणच होतं.

मामांनी किडे मारणारा रंग शोधून त्याचं पेटंट घेतलं होतं. आता एक मोठी कंपनी तसाच रंग बिनदिक्कत विकत होती. मामांनी दावा लावला आणि वकीलपत्र भाचीला दिलं. पण सगळं घोडं अडलं होतं पेटंटातल्या 'वाळलेला थर' या शब्दांवर. कंपनीचं म्हणणं, आमचा रंग चिकटच राहतो, तो वाळतच नाही, मग तुमच्या पेटंटाशी आमचा संबंध काय? उद्या न्यायाधीश विचारणार होते, वाळलेला म्हणजे नेमका किती वाळलेला? उत्तर चुकलं तर मामांच्या जन्मभराच्या खटपटीवर पाणी पडणार होतं.

भाची ज्याला त्याला विचारत सुटली होती. रंगारी म्हणाला, शिडी टेकवता आली की वाळला. प्रयोगशाळेने भलामोठा तक्ता पाठवला. मामी म्हणाली, तुझे मामा भिंतीपाशी डबे मांडू देतील तेव्हा वाळला. प्रत्येकाचं पटायचं, पण पुढचा भेटेपर्यंतच. तिच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

"मामा, तुम्ही कसं ठरवायचात?"

"बोट लावून. पेटंटातला एकूण एक नमुना याच बोटाने तपासलाय."

तिने कंपनीची फळी पुढे सरकवली. मामांनी तर्जनी टेकवली, दाबली आणि डोळे मिटून घेतले.

"वाळलाय. अगदी खडखडीत."

तिला हायसं वाटलं. ज्याने शोध लावला त्यालाच हा थर वाळलेला वाटतो म्हटल्यावर कंपनीला बोलायला जागाच उरत नव्हती. मामांनी खुशीत चष्मा वर सरकवला आणि त्यांच्या नाकावर पांढरा ठिपका उमटला. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

तिने स्वतःचं बोट फळीला लावलं. ते चिकटलं.

तेवढ्यात मामी चहा घेऊन आली. मामांचा कप तिने मुद्दाम लांब ठेवला.

"निवू दे जरा. ह्यांना भाजलेलं कळत नाही."

"कधीपासून?"

"या रंगाच्या नादी लागले तेव्हापासून."

"म्हणजे पेटंटाच्या आधीपासून की नंतर?" तिने विचारलं आणि आपण हे काय विचारतोय, याची तिला लाज वाटली.

मामांचं लक्ष फळीवरच होतं. कित्येक दिवसांनी ते असे खुलले होते.

"मग उद्या असंच सांगू ना? हवं तर न्यायाधीशांसमोर बोट लावून दाखवतो."

तिने रुमालाचं टोक पाण्यात बुडवलं, त्यांचा हात हातात घेतला आणि ती बोट खसखसून पुसायला लागली.

"सांग की," मामा फळीकडे बघतच म्हणाले. "आणि हात कशाला धरून बसलीयेस?"